एकदम आलेली चार शतके : पुण्याचे प्रबोधन आणि आपण



गोपाळ गणेश आगरकरांच्या स्मरणार्थ बोलायचे म्हणजे वक्त्याला जरा सांभाळूनच बोलावे लागते. नुसती स्तुतिसुमने उधळली, तर ज्याचे स्मरण करायचे त्याचाच अपमान व्हायचा. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते पुण्यात वारले. त्याआधी याच शहरातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आज शहरात त्यांच्या नावाची शाळा आहे, रस्ता आहे. माणूस निरुपद्रवी झाला, की त्याचे नाव रस्त्याला द्यायला कोणाची हरकत नसते. आगरकर अजून उपद्रवी आहेत का, हा माझ्या दृष्टीने आजचा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी थोडा लांबचा फेरा घ्यावा लागेल. युरोपातल्या प्रबोधनापासून निघून आपण पुण्याच्या पेठांत येणार आहोत.

माझे म्हणणे काय आहे ते आधीच सांगून टाकतो. युरोपात पुनरुज्जीवन, धर्मसुधारणा आणि ज्ञानोदय या तीन चळवळी चार शतकांत एकीमागून एक आल्या. पुण्यात त्या तिन्ही एका पिढीत, एकदमच आल्या. त्यामुळे आपल्याला निवड करण्याची सोय झाली. पहिली आपण मनापासून घेतली, दुसरी सोयीपुरती घेतली, आणि तिसरी ज्यांनी घेतली त्यांना वाळीत टाकले.

युरोपातला क्रम

पहिली पायरी पुनरुज्जीवनाची. चौदाव्या शतकात पेत्रार्क हा इटालियन कवी ग्रंथालये धुंडाळत जुनी लॅटिन हस्तलिखिते शोधत होता. १३४५ मध्ये व्हेरोना येथे सिसेरोची पत्रे त्याच्या हाती लागली आणि चौदाशे वर्षांपूर्वीचा माणूस समोर बसून बोलावा तसा आनंद त्याला झाला. आपला भूतकाळ थोर होता, तो पुन्हा उजेडात आणावा, या उमाळ्यातून ही चळवळ निघाली. पण जुने ग्रंथ मनापासून वाचू लागले की एक धोका असतो. माणूस ते नीट वाचू लागतो.

लोरेन्झो व्हाल्ला हे याचे उत्तम उदाहरण. पश्चिम युरोपवरील पोपच्या ऐहिक सत्तेला एका दानपत्राचा आधार दिला जाई. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ते पोपला करून दिले, अशी समजूत होती. १४४० मध्ये व्हाल्लाने ते दानपत्र शब्दाशब्दाने तपासले. त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली नाही, त्यातले काही शब्द रोमच्या दरबारात त्या काळी असूच शकत नाहीत, असे त्याने दाखवून दिले. दस्तऐवज बनावट ठरला. व्हाल्ला त्या वेळी पोपशी वैर असलेल्या नेपल्सच्या राजाच्या पदरी होता, ही गोष्टही विसरू नये. पुढे तोच पोपच्या दरबारी नोकरीला लागला! सत्यशोधनाला आश्रयदाता लागतो आणि आश्रयदात्याचे स्वतःचे हिशेब असतात. पुण्याच्या बाबतीतही हे आपल्याला आठवावे लागणार आहे.

दुसरी पायरी धर्मसुधारणेची. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचे बायबल छापले गेले होते. इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने चर्चच्या पापक्षमापत्रांच्या धंद्याला जाहीर आव्हान दिले. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला, हा त्याचा प्रश्न होता. ग्रंथाचे प्रामाण्य मात्र त्याने अबाधित ठेवले.

तिसरी पायरी ज्ञानोदयाची. तिला गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या विज्ञानाचा पाया होता. गॅलिलिओने १६३२ मधला आपला संवादग्रंथ पंडितांची लॅटिन सोडून लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला आणि दुसऱ्याच वर्षी धर्मन्यायालयापुढे त्याला गुडघे टेकावे लागले. लॉकने राज्यसत्तेला लोकांच्या संमतीचा आधार मागितला. दिदरोने १७५१ पासून जो विश्वकोश काढला, त्यात देवशास्त्राच्या शेजारी सुरी बनवणाऱ्या कारागिराची हत्यारे चित्रांसह बसवली. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हेही ज्ञानच, असा त्याचा अर्थ होता. आणि १७८४ मध्ये कांटने एका मासिकातल्या लेखात या साऱ्याचे सार सांगितले : माणूस अज्ञान असतो तो बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या आधाराशिवाय ती वापरण्याचे धाडस त्याला होत नाही म्हणून. तो लेख निघाला तेव्हा पुण्यात दहा वर्षांच्या सवाई माधवरावाच्या नावाने नाना फडणीस कारभार पाहत होते.

विचारवंतांची नावे घेतली की ज्ञानोदय म्हणजे पुस्तकांची यादी वाटू लागते, म्हणून एक प्रसंग सांगतो. १७६१ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ गावात झां कॅलास या प्रोटेस्टंट कापड व्यापाऱ्याचा मुलगा घरातच मरून पडलेला आढळला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारले, अशी गावात आवई उठली. पुरावा नव्हता, पण गाव चिडलेले होते. १० मार्च १७६२ रोजी त्या म्हाताऱ्याला चाकावर बांधून, हाडे मोडून ठार केले. सत्तरीकडे झुकलेल्या व्होल्तेरने हे प्रकरण हाती घेतले. साक्षी तपासल्या, पत्रे लिहिली, पैसे उभे केले, सहिष्णुतेवर ग्रंथ लिहिला. १७६५ मध्ये कॅलास निर्दोष होता असा निकाल लागला. व्होल्तेरच्या पुस्तकांपेक्षा त्याची ही तीन वर्षे मला मोठी वाटतात. एका अनोळखी माणसावरचा अन्याय त्याने स्वतःचे काम मानले.

पुण्यात काय आले आणि कोणाबरोबर आले

आता आपल्याकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुण्यात युरोपचे विचार आले ते जेत्यांच्या बरोबर. व्हाल्लाच्या पाठीशी जसा नेपल्सचा राजा होता, तसे आपल्या सुधारकांच्या पाठीशी, त्यांना हवे असो वा नसो, इंग्रज सरकार होते. सुधारकाला 'सरकारधार्जिणा' म्हणण्याची सोय त्यामुळे कायमची झाली.

त्याच वेळी कंपनी सरकारने पेशवे ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेचा काही भाग चालू ठेवला आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. म्हणजे नव्या राजवटीने पहिला आधार दिला तो जुन्या विद्येला. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास काही तरुणांनी सरकारकडे केला, तेव्हा शहरातला सनातनी वर्ग खवळला. अर्जदारांवर हल्ला होण्याचा रंग दिसला, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. ब्राह्मण तरुणांच्या अर्जाला माळ्याच्या मुलाचे संरक्षण! पुण्याच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिताना हे दृश्य आपण फारसे पुढे आणत नाही.

१८४८ हे वर्ष तर लक्षात ठेवण्यासारखे. मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रात गोपाळ हरी देशमुख 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले. पुढच्या दोन वर्षांत ती १०८ झाली, तरी 'शतपत्रे' हेच नाव रूढ झाले. आपल्याच जातीच्या विद्वत्तेवर, तिच्या आळसावर आणि अहंकारावर इतके कोरडे त्याआधी मराठीत कोणी ओढले नव्हते. पुण्यातले पहिले सार्वजनिक वाचनालयही त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. आणि बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी जोतीरावांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले होते. अमेरिकन आणि फ्रेंच या दोन्ही राज्यक्रांत्यांचा हा भाष्यकार. त्याचे पुस्तक मिशनरी शाळेत शिकलेल्या एका विशीतल्या मुलाच्या हाती पडते आणि वर्षभरात पेठेत शाळा निघते. कल्पना आणि कृती यांच्यात इतके कमी अंतर युरोपातही क्वचितच आढळेल.

एका शहरातल्या तीन चळवळी

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होताच आगरकरही येऊन मिळाले. पुढच्या वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या मंडळींनी वाचलेली पुस्तके साधारण एकच होती. जॉन्सन, मेकॉले, मिल, स्पेन्सर. मग निष्पत्ती इतकी वेगळी का झाली?

चिपळूणकर हे आपल्या पुनरुज्जीवनाचे पुरुष. १८७४ ते १८८१ या काळात 'निबंधमाले'च्या अंकांतून त्यांनी मराठी गद्याला ताठ कणा दिला. मेकॉलेची शैली त्यांनी मेकॉलेच्याच देशबांधवांवर उगारली. आपली भाषा, आपला इतिहास, आपले कवी यांची लाज बाळगू नका, हे त्यांनी एका खचलेल्या पिढीला सांगितले. ते ऋण मोठे आहे. पण याच लेखणीने फुल्यांची आणि लोकहितवादींची जी टवाळी केली, ती वाचताना आजही मान खाली जाते. पेत्रार्कचा उमाळा त्यांच्यात पुरेपूर होता. व्हाल्लाची चिकित्सा मात्र त्यांनी घराबाहेरच्या लोकांसाठी राखून ठेवली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे धर्मसुधारणेचे पुरुष. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची युरोपातल्या प्रोटेस्टंट चळवळीशी केलेली तुलना प्रसिद्ध आहे. ज्ञानेश्वर-तुकारामांनी संस्कृतची मक्तेदारी मोडली, देव लोकांच्या बोलीत आणला, आणि त्या मशागतीतून शिवकालीन स्वराज्य उगवले, अशी ती मांडणी. इतिहासकारांनी तिच्यावर आक्षेप घेतले आहेत, पण तिची दृष्टी विशाल आहे. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, जिथे जिथे चार माणसे एकत्र बसून विचार करू शकतील, तिथे तिथे रानड्यांचा हात होता. पुण्यात व्याख्याने ऐकायला माणसे जमतात, ही सवयसुद्धा त्यांनीच लावली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच वाटेचे, पण हाती व्हाल्लाची भिंगे घेतलेले. संमतिवयाच्या वादात त्यांनी धर्मशास्त्राच्या संहिता पुढे ठेवून टिळकांशी वाद घातला आणि १८९१ मध्ये स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला.

आगरकर ज्ञानोदयाचे. त्यांना रानडे-भांडारकरांविषयी आदर होता, पण पद्धत वेगळी होती. रानडे म्हणत, शास्त्रातच सुधारणेला आधार आहे. आगरकरांचा प्रश्न असा, की समजा आधार नसता, तर? विधवेचे केशवपन शास्त्राने सांगितले असेल किंवा नसेल. वस्तरा तिच्या डोक्यावर फिरतो आहे आणि ती रडते आहे, एवढे कारण पुरेसे नाही काय? ग्रंथप्रामाण्य सोडून बुद्धिप्रामाण्य धरण्याचे हे पाऊल. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' सुरू केले. त्याच्या इंग्रजी बाजूची जबाबदारी तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे होती.

आगरकरांचे मोठेपण मला त्यांच्या विषयांच्या निवडीत दिसते. स्पेन्सर-मिल पचवलेला हा माणूस लिहितो कशावर? सोवळ्यावर. ओले नेसलेले लुगडे पवित्र आणि धुऊन वाळवलेले, पण कोणाचा स्पर्श झालेले लुगडे अपवित्र, यामागे कारण काय, हे तो वकिलासारखे तपासतो. बायकांनी अंगभर नीट कपडे घालावेत का, यावर लिहितो. लोक हसले. एवढा एम. ए. झालेला प्राध्यापक आणि बायकांच्या जाकिटांवर अग्रलेख! पण दिदरोने विश्वकोशात सुरी बनवणाऱ्याची हत्यारे घातली, त्यामागचीच ही दृष्टी होती. स्वयंपाकघर, माजघर, न्हाणीघर इथे रूढी राज्य करते. तिथे कारण विचारायचे नसेल, तर मग ते विचारायचे तरी कुठे?

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. फक्त बारा. त्यावरून पुणे पेटले. टिळकांचा मुद्दा साफ चुकीचा म्हणता येणार नाही. परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करायला बोलावू नका, समाज स्वतः सुधारू द्या, हे त्यांचे म्हणणे राजकीयदृष्ट्या वजनदार होते. पण समाज स्वतः सुधारेपर्यंत त्या दहा वर्षांच्या मुलीने काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. आगरकरांना ते उत्तर हवे होते.

दोन पेठा, दोन हौद

आता एक छोटा प्रसंग जवळून पाहू. ४ ऑक्टोबर १८९० रोजी गुरुवार पेठेतल्या पंच हौद मिशनमध्ये काही व्याख्याने होती. रानडे, टिळक अशी पुण्यातली वजनदार मंडळी हजर होती. व्याख्याने संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटे आणली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता कप हाती घेऊन ठेवून दिला. एवढेच घडले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी मग हजर मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली, आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा हा पुण्यातला सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराची कारवाई झाली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्या निर्णयाने रमाबाई रानड्यांना झालेले दुःख त्यांच्या आठवणींत वाचायला मिळते.

रानड्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. समाजापासून तुटलेला सुधारक समाजाच्या उपयोगाचा राहत नाही, असे त्यांचे गणित होते. ज्यांची घरे, मुलींची लग्ने, श्राद्धपक्ष ग्रामण्यामुळे अडली होती, त्या आपल्या सहकाऱ्यांचा विचारही त्यांनी केला. पण याच संयमाची किंमत त्यांनी आयुष्यात आधीही एकदा मोजली होती. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच मुलीला त्यांनी शिकवले आणि तिच्यातून रमाबाई रानडे घडल्या, सेवासदन उभे राहिले, हेही तितकेच खरे. इतिहास असा गुंत्याचा असतो. तरीही प्रश्न उरतोच : विचार कुठपर्यंत नेला आणि कुठे थांबवला?

गुरुवार पेठेतून चालत दहा-बारा मिनिटांत गंज पेठेत जाता येते. तिथे फुल्यांचे घर आहे. १८६८ मध्ये, म्हणजे त्या चहाच्या बावीस वर्षे आधी, जोतीरावांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी कोणत्या ग्रंथाचा आधार शोधला नाही, कोणाची चौकशी समिती नेमली नाही. तहानलेल्याला पाणी, एवढाच त्यातला सिद्धांत. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ मध्येच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याला यशवंत हे नाव दिले आणि आपला वारस केले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि पुरोहितावाचून लग्ने लागू लागली. त्याच वर्षीचे 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामीचे उच्चाटन करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. अमेरिकेतला काळा गुलाम आणि पुण्यातला शूद्र-अतिशूद्र यांना एका रांगेत उभे करून पाहण्याची कुवत त्या काळी पुण्यातल्या कोणत्या प्राध्यापकात होती? जगाकडे पाहण्याचा रोख फुल्यांचा अधिक व्यापक होता, कारण दुःख त्यांनी खालून पाहिले होते.

पुण्यातले प्रबोधन पुस्तकांनी घडवले, असे आपण शिकवतो. मला ते अर्धेच खरे वाटते. मिल-स्पेन्सर सगळ्यांनीच वाचले होते. ज्याच्या घरात रूढीची झळ पोहोचली होती, किंवा ज्याने दुसऱ्याच्या घरातली झळ आपली मानली, त्याच्याच हातून पुढचे पाऊल पडले.

ज्यांनी झळ सोसली त्या

म्हणूनच या इतिहासात बायकांची नावे तळटिपेत घालून चालणार नाही. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, त्यांच्यावर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी मागितले. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापली गेली. जो दुर्गुण बाईच्या माथी मारता तो पुरुषात किती आहे हे मोजून पाहा, असे सांगणारे ते लेखन आहे. मेरी वॉल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये इंग्लंडात स्त्रियांच्या हक्कांचा ग्रंथ लिहिला, तो ताराबाईंनी वाचल्याचे काही दिसत नाही. सुरतेच्या एका विधवेला झालेली शिक्षा आणि त्यावरची वर्तमानपत्री चर्चा एवढे निमित्त त्यांना पुरले.

मुंबईच्या रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असे त्या म्हणाल्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. कांटला अभिप्रेत असलेले धाडस शोधायचे असेल, तर ते इथे आहे.

इथे युरोपचीही खोट सांगितली पाहिजे, नाहीतर आपण उगाचच खाली मान घालून बसू. १७९१ मध्ये ओलँप द गूज हिने स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि दोन वर्षांनी स्वातंत्र्य-समता-बंधुतेच्या राज्याने तिचा शिरच्छेद केला. स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान लिहिणाऱ्या लॉकचा पैसा गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीत होता. मुलांना कसे वाढवावे यावर अजरामर ग्रंथ लिहिणाऱ्या रूसोने स्वतःची पाच मुले अनाथालयात सोडली. विचार घराच्या दाराशी थांबवण्याची कला काही पुणेकरांनीच शोधलेली नाही.

आणि दार उघडणारेही होतेच. आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य असताना तिथे गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या विधवा विद्यार्थिनीशी लग्न केले. मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी हिंगण्याला आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर उघडपणे लिहिले. त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आगरकरांचा धागा असा आंबेडकरांच्या हाताशी येऊन पोहोचतो.

आजचा हिशेब

आज परिस्थिती काय आहे? २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या कायद्यासाठी माणूस अठरा-वीस वर्षे झटला, तो त्याच्या मृत्यूनंतर आला, यावर वेगळे भाष्य नको. २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने केला. आगरकर, कर्वे, रानडे यांना ज्या हत्याराने जखमी केले, ते हत्यार उचलणारा आज तुरुंगात जाऊ शकतो. हे श्रेय या परंपरेचे आहे आणि ते निःशंकपणे घ्यावे.

पण सुरुवातीला केलेले विधान मी मागे घेत नाही. पुनरुज्जीवन आपल्याला आवडते. जुन्या वास्तूंना रंग देणे, जयंत्या, मिरवणुका, भाषेचा अभिमान हे सगळे जोरात आहे आणि त्यात वाईट काही नाही. धर्मसुधारणाही चालते, कारण तीत देव आपलाच राहतो. ज्ञानोदय मात्र अजून आवडत नाही, कारण तो आपल्याला स्वतःच्या घरात प्रश्न विचारायला लावतो. दुसऱ्याच्या धर्मातली अंधश्रद्धा, दुसऱ्या जातीतला अहंकार, दुसऱ्या पक्षातली भक्ती यांची चिकित्सा पुण्यात चहाच्या टपरीवरही उत्तम चालते. व्हाल्लाची भिंगे आपण सगळ्यांनी घेतली आहेत, पण ती अजून शेजाऱ्याच्या दस्तऐवजावरच रोखलेली आहेत.

म्हणून शेवटी तुम्हाला एक विनंती करतो. आगरकरांच्या पुतळ्याला हार घालू नका, त्यापेक्षा त्यांची पद्धत वापरा. आज रात्री घरी गेल्यावर आपल्या घरातल्या एका चालीचे कारण विचारा. कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा का ठेवलेला आहे? मुलीच्या स्थळासाठीच्या जाहिरातीत जातीची ओळ कोणी आणि का घातली? त्या चार दिवसांत सुनेने देवघरात जायचे नाही, हे कोणी ठरवले? उत्तर पटले तर ती चाल ठेवा. पटले नाही, तर उद्यापासून मोडा, आणि तो निर्णय घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलासमोर घ्या. कायदा करायला सरकार लागते, पण या कामाला फक्त तुम्ही लागता.